बॉल बाहेर गेला पाहिजे

रविवार, रात्री उशिरा

आजचा अख्खा रविवार टॉपस्पिन टूके २५ या टेनिसच्या व्हिडिओ गेमने खाल्ला. रोलाँ गॅरोला, म्हणजे फ्रेंच ओपनच्या कोर्टवर खेळत होतो, क्लेवर (लाल मातीच्या कोर्टवर) बॉल एवढा हळू येतो की वाटतं आता मारूच जोरात, बटण दाबून धरलं आणि गेला बाहेर. परत तेच. परत बाहेर. चिडचिड झाली पण मजा पण तिथेच आहे ना, कारण कुठलाही टेनिस गेम मी हल्ली एकाच गोष्टीवर जोखतो, की यात बॉल बाहेर जातो का.

आमच्यासारख्या पीसीवाल्यांचा सगळा टेनिस व्हर्च्युआ टेनिस ३ वर झाला, २००७ चा. टॉपस्पिनचेच जुने भाग, टॉप स्पिन ३ आणि ४, पीसीवर आलेच नाहीत त्यामुळे फारसा पर्याय पण नव्हता. व्हर्च्युआमध्ये काय, बॉल कुठे येणार ते ओळखून आधी जाऊन उभं राहायचं, बटण दाबायचं, दिशा द्यायची. जेवढे लवकर पोचाल तेवढा फटका कडक आणि कोपऱ्यात. उशीर झाला तर प्लेयर सरळ डाइव्ह मारतो आणि तरी बॉल आतच पडतो! फेडरर घ्या नाहीतर रॉडिक, कोणी चुकतच नाही. मला वाटतं हे व्हर्च्युआच्या जन्मातच आहे, १९९९ मध्ये सेगा कंपनीने त्याचा पहिला भाग आर्केडसाठी काढला, नाणं टाकून खेळणाऱ्याला डबल फॉल्टवर (दोन्ही सर्व्हिस चुकल्या म्हणून) घरी पाठवलं तर तो परत कशाला येईल. म्हणून सगळा खेळ पळण्याचा, समोरच्याला इकडून तिकडे नाचवायचं. दादा आणि मी एकाच कीबोर्डवर खेळायचो, चार-पाच कीज एकदम दाबल्या की कीबोर्ड एखादी गिळायचा आणि ज्याची गिळली तो बोंबलायचा. शिवाय स्क्रीनच्या वरच्या बाजूला कोण खेळणार ह्यावर वेगळं भांडण, कारण तिथून प्लेयर बारीक दिसतो आणि बॉलची खोली कळतच नाही. हा प्रश्न आजपर्यंत कोणी धड सोडवलेला नाहीये.

टॉप स्पिन ४ (२०११) पहिल्यांदा मित्राच्या पीएस३ कन्सोलवर खेळलो तेव्हा डोकंच फिरलं. बटण टॅप केलं तर कंट्रोल, धरून सोडलं तर पॉवर, आणि टायमिंग चुकलं की बॉल नेटमध्ये किंवा लाइनबाहेर. वर स्टॅमिना, म्हणजे लांब रॅलीत पळून पळून दमलेल्या प्लेयरकडून पॉवर शॉट मागितला की तो हमखास माती खाणार. इथे पहिल्यांदा असं झालं की ४०-३० ला मी मुद्दाम साधा स्लाइस, म्हणजे बॉल खालून कापून हळू मारला, कारण भीती वाटली. गेममध्ये भीती वाटणं म्हणजेच टेनिस, बाकी सगळं ग्राफिक्स.

मग तेरा वर्षं काही नाही, २०२४ च्या एप्रिलमध्ये आला टूके २५. खेळ तोच, सुदैवाने. फक्त आता टायमिंगचं मीटर दिसतं, आणि त्या मीटरकडे बघण्याच्या नादात बॉल बघायचाच राहतो, हे मला नाही आवडलं. आणि आला तेव्हा त्यात फेडरर, सेरेना, सॅम्प्रस, अगासी असले सगळे होते पण नदाल नाही आणि जोकोविच पण नाही. क्लेचा राजा नदालच नाही तर रोलाँ गॅरो कसलं!

गंमत म्हणजे बॉल नेटला अडकतो ही गोष्ट अगदी पहिल्यापासूनची आहे. १९५८ मध्ये हिगिनबॉथम नावाच्या शास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या ब्रुकहेवन लॅबमध्ये ऑसिलोस्कोपवर (विजेचे सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) 'टेनिस फॉर टू' हा गेम बनवला होता, लॅब बघायला येणाऱ्या लोकांना कंटाळा येऊ नये म्हणून. बाजूने दिसणारं कोर्ट, मध्ये छोटीशी रेघ म्हणजे नेट, नॉब फिरवून कोन ठरवायचा आणि बटण दाबून मारायचं. कोन चुकला की नेट. नंतर १९७२ ला पाँग आला त्यात तर बॉल फक्त सरळ रेषेत टोलवायचा, बॉलच्या उंचीची काही भानगडच नाही.

टूके २५ ऑनलाइन खेळण्याबद्दल न बोललेलंच बरं. ड्रॉप शॉट (नेटजवळ अलगद टाकलेला बॉल), लॉब (डोक्यावरून उंच मारलेला), ड्रॉप शॉट, लॉब, लोक दुसरं काही खेळतच नाहीत, आणि मी बेसलाइनवरून नेटपर्यंत हमालासारखा धावतोय. तरी उद्या ऑफिसहून आलो की परत लावणार, ग्रासवर, पुढे येऊन व्हॉली (टप्पा पडायच्या आतच फटका) मारून बघायचंय या ड्रॉप शॉटवाल्यांना.