जिना उतरल्यावर कुठं?

माझी मावशी बत्तीस वर्षं आरएमएसमध्ये होती, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेत. पुणे स्टेशनाला लागून असलेल्या त्यांच्या ऑफिसात रात्रपाळीला बसून तिनं गावोगावची पत्रं खणांत टाकली. कुठलं गाव कुठल्या लाइनवर आणि त्याची पिशवी कुठल्या जंक्शनला उतरते, हे तिला अजून तोंडपाठ आहे. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात ती माझ्याकडे कार्ल्सरुहला आली, तेव्हा तिला राजवाड्याच्या आधी स्टेशनच बघायचं होतं.

कार्ल्सरुह हे जर्मनीच्या नैर्ऋत्येला, फ्रान्सच्या हद्दीजवळ वसलेलं शहर. १७१५ साली इथल्या संस्थानिकानं ते अक्षरशः कागदावर आखून वसवलं. मधोमध राजवाडा आणि तिथून निघणारे ३२ रस्ते, उन्हाच्या किरणांसारखे. त्यातले दक्षिणेकडचे रस्ते गावात जातात, बाकीचे जंगलात. स्टेशनासमोरच्या काचेच्या पेटीतला नकाशा मावशीनं दोन मिनिटं न्याहाळला आणि म्हणाली, "हा तर हातपंखा आहे." इथले लोकही आपल्या गावाला पंख्याचंच गाव म्हणतात, हे मी तिला नंतर सांगितलं. तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही. नकाशा वाचता येणाऱ्याला ते दिसणारच, असा तिचा एकूण चेहरा.

त्या नकाशात एक लाल ठिपका असतो, "तुम्ही इथे आहात" सांगणारा. त्याच्याभोवती स्टेशनाचा परिसर, ट्रामचे थांबे, बसचे थांबे, टॅक्सी, पोलीस चौकी. आमच्या स्टेशनासमोर प्राणिसंग्रहालयाची बाग आहे, तीही. यापलीकडे काही नाही. अख्ख्या शहराचा नकाशा तिथं नसतो, कारण गाडीतून उतरलेल्या माणसाला त्या क्षणी अख्खं शहर नको असतं. त्याला पहिली पाच मिनिटं हवी असतात.

आत फलाटावर दोन मोठे छापील तक्ते लावलेले असतात, एक पिवळा आणि एक पांढरा. पिवळ्यावर सुटणाऱ्या गाड्या, पांढऱ्यावर येणाऱ्या. देशभर हेच रंग, त्यामुळे कुठल्याही गावात गेलात तरी आधी रंग शोधायचा आणि मग वाचायचं. गाड्या तासातासानं मांडलेल्या, शेजारी फलाटाचा आकडा. गाड्यांच्या वेळा दाखवणारे इलेक्ट्रॉनिक फलक डोक्यावर आहेतच, मोबाइलवर अ‍ॅप आहे, तरी कागदी तक्ता काही हललेला नाही. मावशी त्या पिवळ्या तक्त्यापुढे इतका वेळ उभी राहिली की मला वाटलं, चूक शोधत्येय. "सॉर्टिंगची केस आहे ही," ती म्हणाली, म्हणजे पत्रं लावायचं खणांचं कपाट. "कुणीतरी डोकं लावून खण पाडलेत."

तिला खरं आवडलं ते मात्र वेगळंच. जिना उतरताना तिचा हात कठड्यावर होता (गुडघे). मध्येच ती थांबली. "अगं, इथं काहीतरी खरखरतंय." बघितलं तर कठड्याला आतल्या बाजूनं एक छोटी पट्टी, त्यावर ब्रेलचे ठिपके आणि उठावाची अक्षरं. हा जिना कुठल्या फलाटाकडे जातो ते लिहिलेलं. मी इथं सहा वर्षं राहते, रोज त्या जिन्यावरून जाते, पण माझ्या बोटांना ती पट्टी कधी लागली नव्हती. कारण मी कठडा धरत नाही.

आता इथल्या रेल्वेचं फार कौतुक करायला नको. जर्मन गाड्या घड्याळावर चालतात ही पुण्यातली जुनी समजूत आहे. जर्मन शिकणाऱ्यांच्या गावात ती टिकून राहिली तर नवल नाही. २०२४ मध्ये इथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर ते उशीर धरतच नाहीत. माहितीचा कागद उत्तम असला की गाडी वेळेवर येते असं मुळीच नाही. ती दोन वेगळी खाती आहेत.

याचा पुरावा आम्हाला लगेच मिळाला. एका मोठ्या जंक्शनवर आम्ही गाडीची वाट पाहत होतो. फलाटाचे ए, बी, सी असे भाग पाडलेले असतात आणि तुमचा डबा कुठल्या भागात थांबणार हे आधीच कळतं. आमचा डबा बी मध्ये. मावशी बी च्या पाटीखाली बॅग पायाशी घेऊन ठाण मांडून उभी. गाडी दिसायला लागली आणि तेवढ्यात घोषणा झाली, "आज गाडीचे डबे उलट्या क्रमाने." सगळा फलाट एकदम पळायला लागला. टाय लावलेले लोक, ढकलगाडीत बाळं घेतलेल्या आया, सायकलवाले, इकडचे तिकडे, तिकडचे इकडे. मी एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात मावशी धरून एफ पर्यंत धावले. गाडीत बसल्यावर धाप लागलेल्या अवस्थेत ती म्हणाली, "दौंडसारखंच की."

दौंडचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पुण्याहून नगर-मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला गेली की इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि गाडी उलट दिशेनं निघायची. आता कॉर्ड लाइन झाल्यामुळे दौंडला न जाताही वळता येतं. पण तोवर निदान सगळ्यांना ठाऊक असायचं की दौंडला पुढचं मागं होणार. ठरलेला उलटेपणा चालतो, आयत्या वेळचा पळवतो.

त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट जाणवली. घोषणा फक्त जर्मनमध्ये झाली होती. मावशी एकटी असती तर बी खाली उभीच राहिली असती, आणि तिनं विचारायचं कुणाला? फलाटावर चहावाला नाही, हमाल नाही, पेपरवाला नाही. भिंत सगळं सांगते, पण भिंतीचं चुकलं की सांगायला कुणी नसतं.

डिसेंबरात मी पुण्याला गेले. एका मैत्रिणीला घ्यायला स्टेशनावर आले होते आणि तिची गाडी चाळीस मिनिटं उशिरा होती. चहाच्या स्टॉलजवळ उभी राहिले आणि मावशीच्या सवयीनं मोजायला लागले, लोक काय काय विचारतात. चाळीस मिनिटांत स्टॉलवाल्या भाऊंना एकवीस प्रश्न आले. त्यातले चहाबद्दल चार.

बाकी सतरांपैकी सहा ससून रुग्णालयाचे. एक म्हातारे आजोबा, डोक्याला टापशी, बरोबर सून आणि तिच्या हातात एक्सरेचं मोठं पाकीट. "भाऊ, ससून कुठून?" भाऊंनी चहा गाळता गाळता हनुवटीनं दिशा दाखवली. "भायेर पडा, रिक्षात बसू नका, चालत जा. धा मिनिटं बी लागत नाय." हे "रिक्षात बसू नका" कुठल्याही नकाशावर सापडत नाही. मग तिघांनी मेट्रो विचारली. दोघांनी एसटी स्टँड. एकानं शिवाजीनगर स्टँडला जायला कुठली बस, असं विचारलं, तेव्हा भाऊ हातातलं भांडं खाली ठेवून म्हणाले, "तिकडं कुठं निघाला, मेट्रोच्या कामात तो वाकडेवाडीला गेला की." एकीनं फक्त "बायकांचं कुठंय?" एवढंच विचारलं, तेही अगदी हळू. बाकीचे सगळे फलाट आणि डब्यांचे.

पाट्या नव्हत्या असं नाही. डोक्यावर बाण होते, आकडे होते, डब्यांचे नंबर दाखवणारे दिवे होते. स्टेशनाच्या नावाचा तो पिवळा फलक तर मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषांत, आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. तुम्ही समुद्रापासून किती मीटर वर उभे आहात हे आपण कित्येक वर्षं प्रवाशाला सांगत आलोय. तरी माणूस पाटीखाली उभा राहून शेजारच्याला विचारतो. याला लोक अडाणीपणा म्हणतात, मला ते पटत नाही. पाटी बरोबर असेल, पण ती आज बरोबर आहे का, हे भाऊंनाच माहीत असतं. आणि आपल्या गावाला पत्ता सांगायचा तर नकाशापेक्षा माणूसच लागतो. शंभरी ओलांडलेल्या पुलाला आम्ही अजून नवा पूल म्हणतो, आणि लकडी पुलात लाकूड शोधायला कुणी येऊ नये.

पण ती हळू आवाजात विचारणारी बाई माझ्या डोक्यातून जात नाही. तिच्यासाठी आणि ऐकू न येणाऱ्यांसाठी भिंतच बरी. रात्री दीडच्या गाडीनं उतरलेल्या, अनोळखी पुरुषाला थांबवून रस्ता विचारायची इच्छा नसलेल्या मुलीसाठीही. तिथे कागद हवा. स्टेशनातल्या पुलावरचा जिना जिथे संपतो, जिथे डावीकडे की उजवीकडे हे ठरवावं लागतं, नेमका तिथे, आणि डोळ्याच्या उंचीवर. चौकशीच्या खिडकीशेजारी नको, कारण तिथवर पोचलेला माणूस खिडकीतच विचारतो.

हे सगळं मी घरी बडबडले तेव्हा मावशी म्हणाली, "मग काढू की एक." सोलापूरहून तिची नणंद येणार होती, हुतात्मा एक्स्प्रेसनं. दर वेळी तिला आणायला कुणीतरी सुट्टी काढून स्टेशनावर जातं. आम्ही जेवणाच्या टेबलावर एक ए फोर कागद घेतला. मी शहाण्यासारखा वर उत्तरेचा बाण काढला. मावशीनं तो खोडला. "उत्तर कुठली ते तिला कशाला? तिला जिना माहीत आहे."

तिनं कागद फिरवला. जिना खाली आणला, अगदी वाचणाऱ्याच्या पोटाशी, आणि समोर जे दिसेल ते वर. मला एकदम लंडनचे रस्त्यावरचे नकाशे आठवले. तिथे पायी चालणाऱ्यांसाठी जे खांब उभे केलेत, त्यांवर नकाशा उत्तरेकडे तोंड करून नसतोच. तुम्ही ज्या दिशेला बघत असता ती दिशा नकाशात वर असते, आणि पाच मिनिटं चालून कुठवर पोचाल त्याचं एक वर्तुळ काढलेलं असतं. त्यामागं बराच अभ्यास आहे. मावशीनं ते पोळ्या व्हायच्या आत केलं.

कागदावर शेवटी सहाच गोष्टी राहिल्या. जिना, भाऊंचा चहाचा स्टॉल, स्वच्छतागृह, मेट्रोकडे जायची वाट, तिकिटाची खिडकी, आणि वनाझकडे जाणाऱ्या मेट्रोचा फलाट. खाली मावशीच्या सॉर्टरच्या ठसठशीत अक्षरात: "गाडी बदलायची नाही. जिल्हा न्यायालयाला पुष्कळ लोक उतरतील, तू उतरू नको. आनंदनगरला उतर." ही शेवटची ओळ मला कधीच सुचली नसती. सगळे उतरायला लागले की आपणही उतरतो.

कागदाचा फोटो सोलापूरला व्हॉट्सअ‍ॅपनं गेला. त्या शनिवारी आम्ही दोघी घरीच, फोन मध्ये ठेवून. अकराच्या सुमारास आनंदनगरहून फोन आला. "आले बाई मी. कागद अगदी बरोब्बर आहे तुझा."

"कुठं अडलं नाही ना?"

"नाही. त्या चहावाल्याला तेवढं एकदा विचारलं."