तुम्ही विचारलंत म्हणून: ‘त्यांचा मुलगा हल्ली काय करतो?’

चरित्रलेख लिहायला लागल्यापासून हा प्रश्न काही माझी पाठ सोडत नाही. एखाद्या नामवंताबद्दल चार हजार शब्द लिहावेत, तर कुणीतरी विचारणारच, “आणि त्यांचा मुलगा? कुठेच दिसत नाही. तुम्हाला माहीत असणार, मग लिहिलं का नाही?” कधी माहीत असतं, कधी नसतं. लिहीत मात्र नाही. ‘मुलाखतीला नकार दिला’ असंही लिहीत नाही. त्या तीन शब्दांनी उगाच काहीतरी दडवल्याचा वास येतो.

मला अशा वेळी विल्यम सिडिस आठवतो. वडील बोरिस सिडिस हे अमेरिकेतले नावाजलेले मानसशास्त्रज्ञ. मूल कसं वाढवावं याबद्दल त्यांची ठाम मतं होती, आणि त्या मतांचा चालताबोलता दाखला म्हणजे त्यांचा मुलगा. १९०९ मध्ये, अकराव्या वर्षी, पोरगा हार्वर्डमध्ये गेला. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं. मोठा झाल्यावर त्याने या सगळ्याकडे पाठ फिरवली. साध्या कारकुनी नोकऱ्या केल्या, ट्राम बदलताना मिळणारी तिकिटं जमवली, त्या छंदावर टोपणनावाने एक पुस्तकही लिहिलं. बिचाऱ्याला लपण्यासाठी याहून निरुपद्रवी जागा शोधूनही सापडली नसती! तरी १९३७ मध्ये ‘न्यू यॉर्कर’ने त्याला हुडकून काढलंच, आणि त्याची खोली, त्याचं बोलणं, त्याचं हसणं, सगळं छापलं. सिडिस कोर्टात गेला. अपील न्यायालयाने १९४० मध्ये मान्य केलं की लेख निर्दय आहे, पण खासगीपणाच्या मुद्द्यावर निकाल साप्ताहिकाच्या बाजूने दिला. त्या अद्भुत मुलाचं पुढे काय झालं, याबद्दल लोकांना कुतूहल असणारच, असं न्यायालयाचं म्हणणं. चार वर्षांनी तो वारला. वय ४६.

आम्हा लिहिणाऱ्यांना वाटतं, खातरजमा झाली की काम झालं. सिडिसची तक्रार लेख खोटा असल्याची होती की खरा असल्याची, हे मी पूर्वी नीट वाचलंच नव्हतं. खासगीपणाच्या दाव्यात त्याला खोटेपणा दाखवायची गरज नव्हती. त्याचं दुखणं वेगळंच होतं: खरं असो वा खोटं, आपलं खासगी आयुष्य चव्हाट्यावर मांडलं गेलं.

पुढे वारं थोडं बदललं. जे. के. रोलिंग यांच्या लहानग्या मुलाचा बाबागाडीतला फोटो २००४ मध्ये लांबून, नकळत काढला गेला. तेव्हा आईवडिलांनी मुलाच्या वतीने दावा लावला. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २००८ मध्ये म्हटलं की आई प्रसिद्ध असली तरी मुलाच्या खासगीपणाचा विचार वेगळा करावा लागतो. मला तेवढं पुरतं.

आता माहितीच्या विश्वासार्हतेबद्दल. अबोल मुलांविषयीची माहिती येते कुठून? वडिलांनी वीस वर्षांपूर्वी कौतुकाने दिलेल्या मुलाखतीतून, शेजाऱ्यांकडून, नाहीतर ‘कुटुंबाच्या निकटवर्तीयां’कडून. हे निकटवर्तीय मला आजवर कधी भेटलेले नाहीत. एकजण लिहितो, दुसरा उचलतो, तिसरा दोघांचा हवाला देतो. बोलका माणूस चूक दिसली की दुसऱ्या दिवशी खुलासा करतो. जो बोलतच नाही, त्याला चूक सुधारायची तर पुढे यावं लागतं, आणि पुढे यायचं नाही म्हणून तर तो गप्प असतो. त्यामुळे त्याच्याबद्दलची चूक वर्षानुवर्षं तशीच राहते आणि जुनी झाली म्हणून खरी वाटायला लागते. मुलाने स्वतः पुस्तक लिहिलं असेल, वडिलांच्या नावाची संस्था चालवत असेल, पद भूषवलं असेल, तर तेवढ्यापुरतं मी लिहितो. बाकी नाही.

हे शहाणपण उपजत नाही, ठेच लागून आलंय. एका पुस्तकात मी लिहिलं होतं, ‘त्यांचा मुलगा परदेशात स्थायिक आहे.’ दोन मृत्युलेखांचा आधार होता. दुसरा पहिल्यावरून उतरवलेला होता, हे मी तपासलं नव्हतं. वर्षभराने त्या मुलाचं पत्र आलं. तो परदेशी कधी गेलाच नव्हता. मी दुरुस्ती छापायला निघालो, तर शेवटची ओळ वाचली, ‘कृपया दुरुस्ती छापू नका. लोक मला तिकडे शोधतात, ते बरं आहे.’

चुकीचं आहे हे कळूनही ते वाक्य ठेवायचं? की खरं लिहून त्याचा ठावठिकाणा सांगायचा? महिनाभर निर्णय होईना. पुढच्या आवृत्तीत मी ते वाक्य नुसतं काढून टाकलं, त्याच्या जागी काही घातलं नाही. (इथे सांगताना काही तपशील मी बदललेत. मुलगा हा मुलगाच असेल असंही नाही.)

एका चाणाक्ष वाचकाने मात्र दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून विचारलं, “मुलाबद्दल एक वाक्य होतं, ते कुठे गेलं?” त्यांचं पत्र अजून टेबलावर आहे.