तुम्ही विचारलंत म्हणून: दोन तारखांपैकी खरी कोणती?

घराण्याचे कागद जुळवायला बसलेली माणसं मला हमखास एक गोष्ट विचारतात. एकाच माणसाच्या दोन कागदांवर दोन तारखा निघाल्या, तर खरी कोणती धरायची? बहुतेकांना ‘शिक्का असेल ती’ असं उत्तर हवं असतं. मी तसं सांगत नाही. तारीख कोणी सांगितली, घटनेनंतर किती दिवसांनी सांगितली आणि ती कशासाठी लिहून घेतली, हे आधी बघा.

आमच्याच घरातलं सांगते. आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९१९. गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, त्यांच्या आईच्या मृत्यूची नोंद ऑक्टोबर १९१८ची. आई गेल्यावर आठ महिन्यांनी मुलगा जन्मला, असं हे दोन कागद मिळून सांगत होते.

१ जूनचं कारण उघड आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मुलाला घेऊन येणाऱ्याला तारीख ठाऊक नसायची, मग मास्तर अंदाजाने वय धरून १ जून लिहून टाकायचे. त्या पिढ्यांतली १ जूनची माणसं गावोगाव सापडतात. शाळेच्या जनरल रजिस्टरात आजोबांचा प्रवेश जून १९२५चा आहे. वय बरोबर सहा. वय इतकं नेमकं आलं की मी सावध होते.

मृत्यूची नोंद मात्र घटनेच्या लगतची. त्या पानावर तापाने गेलेल्यांच्या ओळीच्या ओळी आहेत. १९१८चा ऑक्टोबर हा मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीचा ऐन भर. मुंबई इलाख्यात सगळ्यात जास्त माणसं तेव्हाच गेली. तारीख एखाद-दुसऱ्या दिवसाने हलेल, पण साल हलणार नाही.

इथवर आलं की शाळेची तारीख चुकीची ठरवून लोक मोकळे होतात. पण नोंदीत पणजीचं नावच नाही. ‘अमक्याची बायको, वय २५’ एवढंच. आणि पणजोबांची लग्नं दोन. दुसरं कधी झालं ते घरात कुणालाही सांगता येत नाही, आणि त्या काळी पहिली असताना दुसरी करायला कायद्याची आडकाठी नव्हती. म्हणजे आजोबा दुसरीचे असतील, तर दोन्ही कागद खरे ठरू शकतात.

अशा वेळी आईच्या माहेरच्या गावाला जावं लागतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. त्यामुळे जन्माची नोंद कित्येकदा सासरच्या गावात मिळतच नाही. पहिलीच्या माहेरच्या कोतवाल बुकात मोडीतली एक ओळ मिळाली: मार्च १९१७, मुलगा, बापाचं नाव आणि आमचं गाव. बाळाचं नाव नाही, कारण नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं. मग हा मुलगा म्हणजे आजोबाच कशावरून? लहानपणीच गेलेला त्यांचा थोरला भाऊही असू शकतो. म्हणून दोन्ही गावांच्या मृत्यूच्या नोंदी पुढच्या काही वर्षांपर्यंत ओळीने वाचल्या. आमच्या घरातलं मूल गेल्याची नोंद कुठेही नव्हती.

उलगडा नाशिकला झाला. पणजोबा बायकोच्या अस्थी घेऊन गेले होते, आणि तीर्थोपाध्यांच्या नामावळीत, म्हणजे येणाऱ्या घराण्यांची नावं लिहून ठेवायच्या वहीत, शके १८४०च्या कार्तिकात (१९१८) तशी नोंद आहे. तिथे तिचं नाव आहे आणि पुढे मुलाचं, म्हणजे आजोबांचं. जून १९१९च्या कितीतरी आधी आजोबा नावासकट हजर होते. पणजोबा गेल्यावरचा वारसाचा फेरफारही, म्हणजे जमिनीवर वारसांची नावं लागल्याची नोंदही, याला जुळतो. तो फेब्रुवारी १९३७चा. धाकट्या सावत्र भावाच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’, म्हणजे ‘अज्ञान, पालनकर्ती आई’, असं आहे, आजोबांच्या पुढे काही नाही. शाळेची तारीख खरी असती तर अठरा पूर्ण व्हायला त्यांना चार महिने कमी पडले असते.

घरातले वडीलधारे तिथीवर अडून बसले होते. पणजीचं श्राद्ध महालयात, म्हणजे पितृपक्षात, नवमीला होतं, म्हणजे ती नवमीलाच गेली, असं त्यांचं म्हणणं. पण अविधवा नवमी ही नवऱ्याआधी गेलेल्या सगळ्याच बायकांची. तिच्यावरून मृत्यूची तिथी कळत नाही. तसंच चतुर्दशीचं. कुणाचं महालय श्राद्ध चतुर्दशीला होत असेल, तर तो माणूस घातपाताने किंवा अपघाताने गेला का, हे आधी विचारा. एका दिवसाचा फरक असेल तर वेळ बघा: पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे पहाटे तीनला झालेलं मूल पत्रिकेत मंगळवारचं आणि सरकारी दप्तरात बुधवारचं असतं. आणि शकात सरसकट ७८ मिळवू नका. जानेवारी लागल्यापासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. वर्षाचा फरक बऱ्याचदा तिथेच पडतो.

‘पण पाच कागदांवर एकच तारीख आहे!’ असंही लोक सांगतात. आजोबांचं सेवापुस्तक, पेन्शन, रेशनकार्ड, सगळीकडे १ जून १९१९च आहे, कारण सगळ्यांनी ती शाळेच्या दाखल्यावरून उतरवली. साक्षीदार एकच, तो म्हणजे मास्तरांचा अंदाज.

तरी ती तारीख मी वंशावळीतून काढलेली नाही. ‘जन्म मार्च १९१७, आईच्या माहेरच्या नोंदीवरून’ असं लिहिलं आहे आणि खाली ‘शाळेत व नोकरीत १ जून १९१९’. आजोबांची नोकरी, बढती, निवृत्ती सगळं याच तारखेवर झालं. ती खोडली, तर उद्या त्यांचे नोकरीतले कागद शोधणाऱ्याला ते हाती लागले तरी आजोबांचे म्हणून ओळखता येणार नाहीत.