सहाव्या वर्षी येणारी डागाळलेली दाढ

सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, नवी दाढ उगवते. ती कायमची असते हे अनेक घरांत लक्षातच येत नाही. तिच्यावर स्पष्ट कडा असलेला पांढरट, पिवळा किंवा तपकिरी डाग दिसला, तर तो बहुधा एमआयएच (मोलर इन्सायझर हायपोमिनरलायझेशन), म्हणजे या दाढांच्या आणि कधी समोरच्या दातांच्या एनॅमलमध्ये, दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणात, ते घडतानाच राहिलेला दोष. हे एनॅमल जन्मापासून साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत तयार होतं. त्या काळात खनिजं पुरेशी भरली नाहीत, तर ते सच्छिद्र राहतं आणि चावताना त्याचे टवके उडतात. फ्लोरोसिसचे, म्हणजे जास्त फ्लोराइडमुळे पडणारे डाग पसरट आणि दोन्ही बाजूंना सारखे असतात. इथे एक दाढ खराब, तर पलीकडची धडधाकट असू शकते.

अशी दाढ गार पाण्यानेही शिवशिवते, म्हणून मूल नेमकी तीच घासायचं टाळतं. त्याला रागावू नका. मऊ ब्रश, कोमट पाणी आणि सहा वर्षांनंतर १४५० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी. फेस थुंकायचा, चूळ भरायची नाही. दंतवैद्याकडून दर तीन महिन्यांनी ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं व्हार्निश लावून घ्या. दाढ अर्धीच वर आली असेल, तर ती कोरडी ठेवता येत नाही आणि रेझिन सीलंट (दाढेच्या खाचा बंद करणारा प्लास्टिकसारखा लेप) टिकत नाही. तोवर ग्लास आयोनोमर या दंत-सिमेंटचा थर द्यावा.

भरलेलं सिमेंट पुन्हापुन्हा निघतं, ते बहुतेकदा कडा सदोष एनॅमलवरच थांबवल्यामुळे. कॉम्पोझिटची (दाताला चिकटणाऱ्या दातरंगी भरावाची) कड निरोगी एनॅमलपर्यंत न्यावीच लागते. आतली नस सुजलेली असल्याने भूलही नीट चढत नाही. अशा वेळी ओढाताण न करता ग्लास आयोनोमरने झाकून काही आठवड्यांनी पुढचं काम करणं मला जास्त योग्य वाटतं. दोन-तीन बाजू ढासळल्या असतील, तर स्टीलची तयार कॅप भरवशाची. ती दिसते, पण दाढ वाचते.

समोरच्या दातांच्या डागांना घाई नाही. दाढ मात्र वाचण्यासारखी नसेल, तर काढायची वेळ साधावी लागते: साधारण आठ ते दहा वर्षं, एक्स-रेमध्ये मागच्या कायमच्या दाढेची मुळं दुभागायला लागलेली दिसतात तेव्हा. मग ती पुढे सरकून जागा भरू शकते. खालच्या जबड्यात उशीर झाला, तर ती तिरकी होते आणि फट राहते, म्हणून हा निर्णय ऑर्थोडॉन्टिस्टला (दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवूनच घ्यावा.