रात्री पावणेतीनचा झटका

त्या रात्री पावणेतीनला मी ओरडतच उठले. छातीत आतून लाथ बसावी तसा झटका. नवरा खडबडून उठला, दिवा लावला, माझी नाडी धरली. सकाळ होईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून होतो.

आयसीडी, म्हणजे हृदयाचे ठोके धोकादायक बिघडले तर शॉक देऊन लय सुधारणारं यंत्र, बसवून तेव्हा पाच महिने झाले होते. डाव्या बाजूला, गळ्याजवळच्या हाडाखाली, काडेपेटीहून मोठी अशी ती डबी. त्याआधी एकदा तिने खरा शॉक दिला होता. तोही भरदिवसा, मी कपडे वाळत घालत असताना. त्यात माझा जीव वाचला, हे मला पक्कं माहीत आहे. पण भीती जाऊन बसली ती रात्रीत. डोळा लागायला आला की वाटायचं, आता येईल.

दुसऱ्या दिवशी तपासणीला गेलो. तंत्रज्ञाने यंत्रातली माहिती वाचणारं चपटं उपकरण छातीवर ठेवलं, पडद्यावर नोंदी उघडल्या आणि म्हणाला, "काल रात्री यंत्राने काहीच केलेलं नाही." प्रत्येक उपचाराची तारीख-वेळ यंत्र साठवून ठेवतं. तिथे पावणेतीनची नोंदच नव्हती. मला रडू फुटलं. इतकं दुखलं ते काय होतं मग?

त्याने खुर्ची जवळ ओढली. याला फँटम शॉक म्हणतात, म्हणाला. झटका खराच बसल्यासारखा वाटतो, पण यंत्राने तो दिलेला नसतो. आणि बऱ्याचदा हे झोपेत किंवा झोप लागता लागता होतं. "तुम्हाला भास होतोय" असं तो म्हणाला नाही, याबद्दल मी आजही त्याची ऋणी आहे. शिवाय कुणीच आधी न सांगितलेली गोष्ट त्याने सांगितली: माझ्या यंत्राने मध्ये पडायची सीमा मिनिटाला २०० ठोक्यांवर ठेवली आहे, आणि तिथे पोचल्यावरसुद्धा बहुतेक वेळा आधी न दुखणारे भरभर ठोके देऊन लय सुधारायचा प्रयत्न होतो. मी मात्र जिना चढून ११० झाले की घाबरत होते.

नवऱ्याचा प्रश्न वेगळा होता. तो महिनाभर पलंगाच्या कडेला झोपत होता. मला हात लावलेला असताना शॉक आला तर? उत्तर मिळालं: फार तर झिणझिण्या येतील, इजा होणार नाही. आपण असं दूर का झोपतोय हे आम्ही एकमेकांना विचारलंच नव्हतं, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

डॉक्टरांनी गोळ्यांची यादी पाहिली. ठोके आवरणाऱ्या बीटा ब्लॉकरने काहींना भयानक स्वप्नं पडतात. माझी गोळी त्यांनी बदलून दिली. (स्वतःहून बंद करू नका, ते धोक्याचं आहे.) लघवीची गोळी संध्याकाळऐवजी सकाळी घ्यायला सांगितली. झोपेत श्वास अडकतो का, हेही तपासलं, कारण हृदयविकारात तो त्रास पुष्कळांना असतो आणि तो ठोक्यांनाही बिघडवतो. मला तो नव्हता. मग समुपदेशकाकडे पाठवलं. तिने पहिल्यांदा माझी एक सवय सोडवली: डबीवर हात ठेवून ठोके मोजत पडून राहण्याची. झोप येत नसेल तर उठायचं, बाहेरच्या खोलीत बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं. पहिले पंधरा दिवस फार कठीण गेले.

त्याच बसण्यात एका रात्री वाचलं की या यंत्रामागे मिशेल मिरोव्स्की होते. त्यांचे वरिष्ठ १९६६ मध्ये ठोक्यांच्या अशाच बिघाडाने गेले. पुढे १९८० मध्ये बाल्टिमोरला पहिल्यांदा माणसाच्या शरीरात असं यंत्र बसवलं. चौदा वर्षं! कुणाच्या तरी जाण्याचं दुःख एका माणसाने इतकी वर्षं उराशी धरलं आणि ते आता माझ्या छातीत आहे, या विचाराने मला त्या डबीबद्दल पहिल्यांदा माया वाटली.

अजूनही काही रात्री जाग येते. पण गेल्या तपासणीला बॅटरी, तारा, नोंदी सगळं ठीक म्हणून कागद हातात आला, तेव्हा मी खुर्चीतून लगेच उठले नाही. पिशवीतली झोपेची वही काढली आणि म्हटलं, "आता हे पण बघा."