तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा खटाटोप, मग सुतारच का नाही बोलावला?

आमच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस आधी देवघरासमोर थांबतो, मग टीव्हीखालच्या सागवानी फळीवरून हात फिरवतो आणि विचारतो, "कुठल्या सुताराकडून केलंत हे?" खरं सांगितलं की चेहरा जरा उतरतो. देवघर म्हणजे मुळात चार खणांचं चौकोनी कपाट. टीव्हीचं युनिट म्हणजे तसलीच दोन कपाटं आडवी टाकून वर फळी. चपलांच्या कपाटाचीही तीच गत. सगळं खोक्यातून आलेलं, भुशाच्या बोर्डाचं, एलन कीने, म्हणजे त्या षटकोनी किल्लीने, जोडलेलं आणि नंतर मी उद्योग केलेलं. मग पुढचा प्रश्न ठरलेला: "अहो, पण एवढा खटाटोप करायचा तर सुतारच का नाही बोलावला?"

बोलावला होता की! लग्नानंतर आम्ही सिडकोत, उत्तमनगरला भाड्याने राहत होतो. तिथे भिंतीतल्या कोनाड्याच्या मापाने मिस्त्रींकडून कपाट करून घेतलं. प्लाय चांगला, वर सनमायका, बिजागऱ्या झकास. अकरा महिन्यांचे दोन करार झाले आणि घरमालकांना घर त्यांच्या मुलासाठी हवं झालं. कपाट काढायला गेलो तर ते भिंतीचा आधार धरून उभं होतं. सुटं केल्यावर हाती नुसत्या फळ्या आल्या असत्या. ते तिथेच राहिलं. पाथर्डी फाट्याच्या घरात कपडे सुटकेसमध्ये ठेवून आम्ही वर्ष काढलं. तिथे पुन्हा विचारलं तेव्हा चौरस फुटाला सोळाशे असा भाव निघाला. सात बाय सहाच्या कपाटाचे सदुसष्ट हजार, आणि पुढच्या वेळी घर सोडताना पुन्हा तोच प्रकार.

म्हणून खोकं, सुटं करून पुन्हा जोडता येणारं. इतकं साधं कारण होतं. आवड वगैरे नंतर लागली.

मोठी दोन कपाटं आणायला आम्ही नवी मुंबईत तुर्भ्याला गेलो होतो. आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीचं ते दुकान डिसेंबर २०२० मध्ये सुरू झालं. त्याआधी भारतात त्यांचं एकच होतं, हैदराबादचं, २०१८ चं. दिरांची छोटी गाडी घेऊन कसारा घाट उतरलो. येताना दोन मीटर लांबीचं खोकं मागच्या काचेपासून पुढच्या डॅशबोर्डपर्यंत तिरपं, पुढची सीट पूर्ण आडवी, आणि मी मागच्या कोपऱ्यात खोक्याला मिठी मारून. घाट चढताना प्रत्येक वळणावर ते माझ्या खांद्यावर डोकं टेकायचं. या फर्निचरची गोष्टही अशाच एका गाडीतून सुरू झाली म्हणतात. १९५६ साली स्वीडनमध्ये आयकियाच्या गिलिस लुंडग्रेन यांना एक टेबल गाडीत घालायचं होतं, ते मावेना, म्हणून त्यांनी त्याचे पाय काढून घेतले. पुढे खोक्यातून सपाट फर्निचर विकायची रीत कंपनीने उचलून धरली. घाटात मला त्यांची फार आठवण आली, ती प्रेमाची होती असं नाही.

आता खटाटोपाबद्दल. लोकांना वाटतं, मी सुताराचं काम करते. मला तर सरळ करवत धरता येत नाही. खोक्यातल्या मालाची गंमत अशी की जे मला कधीच जमलं नसतं ते कारखान्याने आधीच करून ठेवलेलं असतं: काटकोनात कापलेल्या फळ्या, कडेला चिकटवलेली पट्टी, आणि भोकं. भोकांवर तर मी जीव टाकते. कपाटाच्या आतल्या बाजूला वरून खाली जी बारीक भोकांची रांग असते ना, ती बहुतेक कारखान्यांत एकाच हिशेबाने पाडतात. भोक ५ मिलिमीटरचं, दोन भोकांत ३२ मिलिमीटर, आणि रांग पुढच्या कडेपासून ३७ मिलिमीटर आत. जर्मनीत हा हिशेब बसला आणि जगभर पसरला. बिजागरीची वाटी ३५ मिलिमीटरची, तीही ठरलेली. त्यामुळे माझ्या कपाटाला जी बिजागरी आली होती ती काढून मी त्रिमूर्ती चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानातून हळू मिटणाऱ्या बिजागऱ्या आणल्या आणि त्या त्याच भोकांत बसल्या. नवं भोक एकही नाही. दुकानदार म्हणाला, "हायड्रॉलिक द्या म्हणायचं, सगळ्यांना बसतात." बरोबर आहे, पण कारण त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगायला गेले तर मागे गिऱ्हाईक उभं होतं.

जोडणीची अक्कल मात्र मला मिस्त्रींनीच दिली, त्याच उत्तमनगरच्या मिस्त्रींनी. ते बघायला आले, बोर्डाच्या कडेवर नख मारलं, भुसा निघाला, आणि म्हणाले, "ताई, हे लाकूड नाही, दाबलेला चिवडा आहे." मग खाली बसले. मागची पातळ फळी ठोकायच्या आधी त्यांनी खिशातून सुतळी काढली, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणली, चिमटीत धरून दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर टाकली. बोटभर फरक. लांब कर्णाच्या कोपऱ्यावर तळव्याने एक दणका, पुन्हा सुतळी. तीन दणक्यांत दोन्ही कर्ण सारखे झाले, आणि मग खिळे. "मागची फळी झाकायला नसते, कपाट काटकोनात धरायला असते," म्हणाले. सूचनांच्या कागदावरच्या त्या हसऱ्या गोल माणसाने मला हे कधी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून माझी दारं एकमेकांवर चढत नाहीत.

दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती मिनीफिक्सची. तो गोल चकतीसारखा नट असतो, त्याला अर्धा फेरा दिला की तो बोल्टचं डोकं ओढून धरतो. आपण आणखी घट्ट, आणखी घट्ट करत पिळत बसतो आणि बोर्ड आतून फुटतो. कपाट दोन-तीन वेळा खोलून जोडलं की स्क्रूची भोकं सैल होतात; त्यात फेविकॉलमध्ये बुडवलेल्या काडेपेटीच्या काड्या, गूल मोडून, ठोकायच्या आणि एक रात्र थांबायचं. हा उपाय खोक्यात येत नाही.

आता देवघर, कारण सगळ्यांना तेच हवं असतं. एकेक खण आतून ३३ सेंटीमीटरचा. वरच्या डाव्या खणात देव, उजव्यात पोथ्या नि घंटा, खाली कापूर-उदबत्त्यांचे खण. पहिल्या श्रावणी सोमवारी ताम्हण काठोकाठ भरलं आणि अभिषेकाचं पाणी खणात सांडलं. मी पुसलं. पण मी तिथे हौसेने एक हूक बसवला होता, त्याच्या भोकात पाणी शिरलं. चार दिवसांनी फळी चहात बुडवलेल्या खारीसारखी फुगली. खरं लाकूड फुगतं तसं वाळल्यावर बसतंही. हा बोर्ड एकदा फुगला की भुशाची पकडच सुटते, तो परत बसत नाही. चूक माझी होती. आपण पाडलेल्या प्रत्येक भोकाला आणि कापलेल्या प्रत्येक कडेला फेविकॉलचा हात द्यायचा आणि कडेवर एसआरने, म्हणजे रबरी गोंदाने, पट्टी चिकटवायची, हे मी त्या फळीची किंमत मोजून शिकले.

वर समईचं दुखणं होतं. ३३ सेंटीमीटरच्या खणात ज्योत म्हणजे छत तापणार. सनमायकासारखा तो वरचा थर पिवळा पडला, मग त्याला फोड आला. मधली फळी काढून खण उंच करावा म्हटलं, तर मिस्त्री म्हणाले, तीच तर दोन्ही बाजूंना धरून आहे. शेवटी खणाच्या तळाशी ड्रॉवरचे बारा इंची चॅनेल लावले आणि त्यावर सरकती फळी बसवली. फळीवर कडप्प्याचा फूटभराचा तुकडा. आता पूजेच्या वेळी फळी बाहेर ओढायची. ताम्हण, समई, निरांजन सगळं कडप्प्यावर, ज्योतीच्या डोक्यावर मोकळी हवा. तेल सांडलं तर दगडावर सांडतं. खालच्या ड्रॉवरना भांडी बाजारातून आणलेल्या पितळी मुठी लावल्या. एवढ्याने सासूबाईंनी त्याला पहिल्यांदा 'देवघर' म्हटलं. तोवर त्या 'तुझं ते खोकं' म्हणायच्या.

पण कडप्प्याचा तुकडा पाच किलोचा भरतो, आणि फळी बाहेर ओढली की अख्खं कपाट पुढे झुकतं. मला ते पहिल्याच दिवशी हाताला लागलं. म्हणून भिंतीला क्लॅम्प. कृपा करून हे करा. खोक्यात भिंतीला अडकवायची पट्टी येते आणि बहुतेक घरांत ती स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये पडून असते. २०१६ मध्ये आयकियाने एकट्या अमेरिकेत जवळजवळ २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत मागवली होती, कारण भिंतीला न बांधलेली कपाटं अंगावर पडून लहान मुलं दगावली होती. मुलं उघड्या ड्रॉवरच्या पायऱ्या करून चढतात. भाड्याच्या घरात घरमालक भोकाबद्दल कुरकुर करतील. सोडताना भोकात लांबी, म्हणजे पुट्टी, भरून द्यायची.

रंगाचं थोडक्यात सांगते, कारण त्यात फार शहाणपण नाही, नुसता धीर आहे. गुळगुळीत थरावर ऑइल पेंट थेट लावला तर महिन्याभरात नखाने पापुद्रा निघतो. माझा निघाला. आधी २२० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवून चकाकी मारायची, ओल्या फडक्याने धूळ पुसायची, मग गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा प्रायमर, आणि त्यावर दोन-तीन पातळ हात. हाताला कोरडा लागला तरी रंग पक्का व्हायला काही आठवडे जातात, तोवर वर जड भांडं ठेवायचं नाही. पावसाळ्यात तर या भानगडीत पडूच नका. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पश्चिमेची भिंत घामेजलेली असते. कपाटंसुद्धा मी तिच्यापासून दोन बोटं पुढे ओढते, आणि खाली अंबडच्या फॅब्रिकेटरकडून करून घेतलेले चार इंची पाइपचे पाय आहेत. फरशी पुसणाऱ्या मावशींचं पाणी आणि भुशाचा बोर्ड यांची गाठ पडू द्यायची नसते.

पुस्तकं मात्र या कपाटांना झेपत नाहीत. ८० सेंटीमीटरची फळी दिवाळी अंकांचे दोन मोसम सरतात न सरतात तोच मधोमध वाकते. मधोमध एक उभी फळी घाला. लांबी निम्मी झाली की तेवढ्याच दाटीने पुस्तकं लावली तरी बाक सोळाव्या हिश्श्यावर येतो, दुपटी-चौपटीचा हा मामला नाही. उभी फळी कापून द्यायला प्लायवाला शंभर रुपयेही घेत नाही.

तर सुतार का नाही, याचं माझं उत्तर असं की सुतार आहेच. पंधरा टक्के काम त्याचं आहे, फक्त मी त्याच्याकडून भिंतीत चिणलेलं कपाट मागत नाही. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली आम्ही आता, स्वतःच्या घरात, मिस्त्रींकडूनच पाणी सोसणाऱ्या मरीन प्लायचं काम करून घेतलंय. सिंकखाली भुशाचा बोर्ड लावणं म्हणजे त्याला मरायला पाठवणं. आणि टीव्हीखालची फळी, तीही त्यांचीच.

जुन्या नाशकात वाडे पडतात किंवा पाडले जातात, तेव्हा त्यांचं सागवान वखारीत येतं. मिस्त्रींनी मला एक कडी शोधून दिली, म्हणजे माडीच्या तक्तपोशीला, लाकडी छताला, खालून धरणारा वासा. साडेसहा फूट, काळी, धुराने माखलेली. गिरणीवाल्याने कापताना आत जुना खिळा लागून पात्याचे दात गेले, त्याचे पैसे वेगळे घेतले. फळी निघाली ती अशी की रंधा मारताना घरभर वास दरवळला. दोन खोकी-कपाटांवर ती नुसती ठेवली आहे, खालून चार कोनपट्ट्यांनी धरून; घर बदललंच तर फळी काखेत मारायची.

पॉलिश करायला उलटी केली तेव्हा टोकाजवळ पटाशीने मारलेल्या तीन तिरप्या रेघा दिसल्या. मी विचारलं, हा कसला ओरखडा? मिस्त्री चष्मा वर करून म्हणाले, "खूण आहे ताई. खाली अंगणात सगळं कापून, जुळवून बघायचे. मग कुठली कडी कुठल्या खाचेत, ते कळायला खुणा घालायच्या आणि वर नेऊन जोडायचं."

"म्हणजे तुमच्या आजोबांच्या काळातही सुटं करून, नंबर घालूनच जोडायचे तर!" मी म्हटलं.

त्यांनी रेघांवर अंगठा फिरवला. "जोडायचे," म्हणाले, "पण चिवडा नव्हता."

त्या बाजूला पॉलिश लावलेलं नाही.