एका पायाचे वॅट

मी सायकलपटूंचा कोच. एका सायकलपटूची मंगळवारच्या सरावाची फाइल उघडायची म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायला लागला होता. सहा आठवडे तेच चित्र. ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या यंत्रावर, २० मिनिटांचे दोन इंटरव्हल, म्हणजे ठरलेल्या जोराचे टप्पे. पहिला कसाबसा पूर्ण, दुसरा आठव्या-नवव्या मिनिटाला बंद. खाली त्यांची एक ओळ: "सॉरी सर, आजही नाही जमलं."

हे गृहस्थ ४४ वर्षांचे. नोकरी आणि संसार सांभाळून आठवड्याला आठेक तास सायकल चालवतात, आणि सांगितलेलं एकही सेशन चुकवत नाहीत. अशा माणसाने सहा वेळा सॉरी म्हणावं, हे मला खुपत होतं. मी झोपेबद्दल विचारलं, जेवणाबद्दल विचारलं, एक आठवडा हलका देऊन पाहिला. एकदा तर "मन घट्ट करा" असंही लिहून पाठवलं. ते वाक्य आजही आठवलं की वाईट वाटतं.

कागदावर सगळं बरोबर दिसत होतं. रस्त्यावरच्या २० मिनिटांच्या चाचणीत त्यांची सरासरी २६२ वॅट आली होती. त्याचे ९५ टक्के धरले की एफटीपी, म्हणजे ढोबळमानाने तासभर टिकवता येईल इतकी पॉवर, २४९ येते. इंटरव्हल त्याच्या ९५ टक्क्यांवर, २३६ वॅटला. दमवणारं काम, पण होण्यासारखं. मात्र चाचणीच्या अगदी शेवटी जो हार्ट रेट होता, तो मंगळवारी दहाव्या मिनिटालाच गाठला जात होता. ही खूण माझ्या डोळ्यांसमोर होती. मी तिला थकवा म्हटलं आणि पुढे गेलो.

सातव्या आठवड्यात त्यांना म्हटलं, "सायकल आणि ट्रेनर दोन्ही घेऊन या."

मागचं चाक काढून सायकल ट्रेनरवर बसवली. एक डिस्प्ले ट्रेनरला जोडला, दुसरा क्रँकवरच्या (पेडल ज्या दांड्यावर असतं त्यावरच्या) पॉवर मीटरला, आणि दोन्ही हँडलवर शेजारी शेजारी लावले. दहा मिनिटं अंग गरम होऊ दिलं, मग दोन्हींचं कॅलिब्रेशन केलं. ट्रेनरवर २०० वॅट धरायला सांगितले. दुसऱ्या डिस्प्लेवर २१६. आकडा स्थिरावेल म्हणून थांबलो. कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे, ९० वरून ८० वर आणायला लावला, तरी फरक तेवढाच. मग २३०. क्रँक म्हणाला २५४.

चेन आणि गिअरमध्ये दोनेक टक्के पॉवर जातेच, त्यामुळे मागच्या बाजूला मोजणारा ट्रेनर क्रँकपेक्षा थोडा कमी दाखवणारच. पण हा फरक आठ-दहा टक्क्यांचा होता. मी खाली वाकून क्रँक पाहिला. मीटर फक्त डाव्या बाजूला. पेडल दाबताना क्रँकचा आर्म अगदी किंचित वाकतो, आतला स्ट्रेन गेज तो वाक मोजतो, आणि मीटर डाव्या पायाची पॉवर सरळ दुप्पट करून दाखवतो. उजवा पायही तेवढीच देत असेल, हे त्यात गृहीतच असतं.

"उजव्या पायाला कधी काही झालं होतं का?"

ते थांबले, खाली उतरले. "बावीस वर्षांपूर्वी मोडला होता. आता काहीच त्रास नाही, म्हणून बोललो नाही." दोन्ही पाय जवळ घेऊन उभे राहिले, तेव्हा उजवी पोटरी बारीक आहे हे कुणालाही दिसलं असतं. माझ्या फॉर्ममध्ये प्रश्न होता, 'सध्या काही दुखतं का?' त्यांनी खरं उत्तर दिलं होतं.

मग तिथेच बसून हिशोब केला. क्रँकवरचे २४९ म्हणजे या ट्रेनरवर साधारण २२६. याच मापाने त्यांची २० मिनिटांची पूर्ण जोर लावलेली चाचणी २३८ च्या आसपास येते. मी सांगत होतो २३६. म्हणजे दर मंगळवारी मी त्यांच्याकडून जवळजवळ पूर्ण चाचणी करून घेत होतो, आणि पाच मिनिटांनी तीच पुन्हा करा म्हणत होतो.

एका बाजूचा मीटर वाईट असतो असं मी म्हणणार नाही. चाचणी आणि सराव दोन्ही त्याच्यावरच केले, तर त्याची चूक दोन्हीकडे जवळपास सारखी राहते आणि झोन, म्हणजे सरावाच्या जोराच्या पातळ्या, बऱ्यापैकी बरोबर येतात. (दमल्यावर पायांमधला फरक वाढत असेल तर मात्र तेही खात्रीचं नाही.) बिघडतं ते एका यंत्राचा आकडा दुसऱ्या यंत्रावर नेल्यावर. मी नेमकं तेच केलं होतं: रस्त्यावर क्रँकच्या मीटरने मोजलेला आकडा ट्रेनरवर नेला होता.

२२६ हा आकडा सांगताना मी जरा चाचरलो. २४९ चा त्यांना अभिमान होता, मित्रांमध्ये वॅट प्रति किलोची तुलना चालायची. ते बराच वेळ दोन्ही डिस्प्लेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे त्या सगळ्या मंगळवारी मी खरंच पूर्ण जोर लावत होतो?"

"पूर्ण," मी म्हटलं.

आता त्यांच्या वहीत दोन एफटीपी आहेत, रस्त्याचा वेगळा आणि ट्रेनरचा वेगळा. उजव्या पायासाठी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. पुढच्या मंगळवारी इंटरव्हल २१५ वॅटला ठेवले. फाइल आली तेव्हा हार्ट रेटची रेघ दोन्ही वेळा हळूहळू चढून सपाट झालेली होती. खाली टीप: "दोन्ही झाले सर. अजून पाच मिनिटं गेली असती."

त्याच रात्री मी फॉर्म उघडला आणि 'सध्या' हा शब्द काढून टाकला.